डावं-उजवं

उजवा लाल, डावा निळा. सगळीकडे हाच नियम. इयरफोनच्या वायरीच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका असतो, तो बघून घालायचं.

ठसा घ्यायला कानात गुलाबी लगदा भरला की स्वतःचाच आवंढा जिना उतरणाऱ्या माणसासारखा ऐकू येतो. दहा मिनिटं हलायचं नाही. दातांत ठोकळा धरून बसायचं.

फोन सोफ्याच्या डाव्या कुशीत वाजत होता आणि तो स्वयंपाकघरात शोधत होता.

‘दिवस दुसरा, तास तेवीस. डावीकडच्या झांजा ओल्या फडक्यात गुंडाळल्यासारख्या. जोडी अजून मोकळी व्हायची आहे.’

सायकलवरची बाई, पुढे जाऊन, मान वळवून : “बहिरा आहेस का रे?”

“एका कानात सात ड्रायव्हर?” बायको म्हणाली होती. “मग गाडी कोण चालवतं?”

“ऐकू आलं की बटण दाबायचं. अगदी बारीक आलं तरी दाबायचं. कळलं?” काचेपलीकडची कानाची तपासनीस बाई म्हणाली. त्याला सर्दी झालेल्या माणसासारखा तिचा आवाज आला, कारण तो डोक्यावरच्या हेडफोनमधून आला होता, आणि हेडफोन अगदीच सुमार होते. मधली पट्टी फुगलेली, वर काही नाही, खाली काही नाही, डोक्यावरचा पट्टा घट्ट. सवयीनं त्याच्या मनात वाक्य तयार झालं : ‘बोलणं पुढे, बाकी सगळं दाराबाहेर.’ मग आपण कशासाठी आलोय हे त्याला आठवलं आणि ते वाक्य त्यानं सोडून दिलं. कपाटाएवढी खोली. भिंतींना राखाडी स्पंज, दार शीतगृहासारखं जाड. ते दार बंद झालं तेव्हा बाहेरचं सगळं एकदम कापलं गेलं आणि डाव्या कानातली सूंऽऽ एवढीच उरली. गेले अठरा दिवस या सूंऽऽला त्यानं वेगवेगळी नावं दिली होती. आधी ती अ‍ॅम्प्लिफायरची खरखर होती. त्यावर उपाय म्हणून त्यानं वायरीच्या मध्ये जोडायचा एक छोटा नळकांडीसारखा तुकडा मागवला. खरखर कमी झाल्याचं वहीत लिहिलंसुद्धा. मग ती शेजारच्यांच्या पाण्याच्या पंपाची होती. मग फ्रिजची. फ्रिजचा प्लग काढून तो एकदा ओट्याला टेकून उभा राहिला होता, आणि बायको म्हणाली होती, “अरे, आतलं नासेल ना सगळं!” त्यानं प्लग परत लावला आणि त्या विषयाकडे कानाडोळा केला. आता इथे फ्रिज नव्हता.

टूं. त्यानं दाबलं. टूं. दाबलं. उजव्या कानाचं सोपं होतं. बारीक होत होत धाग्याएवढा झालेला सूरही त्याला पकडता येत होता, आणि धागा तुटला की नेमका कुठे तुटला हेही. अठरा वर्षं त्यानं दुसरं काय केलं होतं? माणसं खिशाला चाट लावून कानात घालून गाणं ऐकायचं यंत्र घ्यायची त्याआधी त्याचं सदर वाचायची. सदराचं नाव ‘ऐकीव’. हे नाव बायकोनं चेष्टेत सुचवलं होतं आणि त्यानं ते सरळ उचललं. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये असं सगळे म्हणतात, त्याच्या ऐकीवावर मात्र लोक डोळे मिटून विश्वास ठेवत. त्यानं ‘ऊबदार’ म्हटलं की ते ऊबदार. त्यानं ‘पितळी’ म्हटलं की ते मेलं. आवाजाला शब्द नसतात, ते रंगाकडून, कापडाकडून, हवेकडून उसने आणावे लागतात. तो ते आणायचा आणि लोकांना ते पटायचे. कान वडिलांकडून आला होता. वडील छापखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याचं पोलादी टोक चालत्या यंत्राच्या अंगाला लावायचे आणि लाकडी मूठ कानाच्या भोकाशी. डोळे मिटलेले. सगळा छापखाना गप्प उभा. मग म्हणायचे, “तिसरं बेअरिंग. आठवडाभर चालेल.” आणि आठवड्यानं तिसरं बेअरिंग जायचं. पुढे वडिलांना ऐकू येईनासं झालं. तरी त्यांनी ते कधी कबूल केलं नाही. “हल्ली माणसं पुटपुटतात,” ते म्हणायचे. “पूर्वी बोलायची.” हे तो मित्रांना हसून सांगायचा. वडिलांचा स्वर हुबेहूब काढून सांगायचा.

“आता डावा,” बाई म्हणाली. “उजव्या कानात वाऱ्यासारखा आवाज सोडतेय. तिकडे लक्ष द्यायचं नाही.”

उजव्या कानात वारं सुटलं. हे त्याला अपेक्षित नव्हतं. म्हणजे अठरा दिवस जो कान सगळं काम एकट्यानं ओढत होता, त्याला आता बाहेर काढून बसवलं होतं आणि डाव्याला एकट्याला आत बोलावलं होतं. टूं, खालचा, जाड. दाबलं. टूं. दाबलं. थोडा वरचा. दाबलं. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. त्यानं काचेकडे बघितलं नाही, पण बाईच्या खांद्याची हालचाल डोळ्याच्या कोपऱ्यात दिसत होती. तिचा उजवा खांदा किंचित पुढे यायचा तेव्हा ती कळ फिरवत असणार. खांदा पुढे आला. त्यानं दाबलं. पुन्हा आला. दाबलं. ही लबाडी आहे हे त्याला कळत होतं, आणि ती कुणाशी चाललीय हेही कळत होतं, पण अंगठा ऐकेना.

वारं थांबलं. “साहेब,” बाईचा आवाज आला, “मी काही सोडलेलं नसतानाही तुम्ही दाबताय.”

“मला आल्यासारखं वाटलं.”

“वाटलं की नाही दाबायचं. आलं की दाबायचं.” मग जरा मऊ होऊन, “डोळे मिटा बरं. बऱ्याच जणांचं होतं असं.”

त्यानं डोळे मिटले. डोळे मिटल्यावर अठरा दिवसांपूर्वीचं ते पार्सल समोर आलं. करड्या खोक्यात काळी डबी, डबीत मखमल, मखमलीत त्याच्या स्वतःच्या कानांची दोन बोगदेवजा कवचं, मधासारखी पारदर्शक, आतले ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे चिमुकले स्पीकर, तांदळाच्या दाण्यांसारखे दिसणारे. सोबत गुंडाळलेली वायर, मळ काढायचा बारीक ब्रश, ओलावा शोषणारी गोळी, आणि एका चिठ्ठीवर हातानं लिहिलेलं : ‘सावकाश ऐका.’ ती बनवणारी कारागीर बाई आधी वीस वर्षं बहिऱ्या माणसांची श्रवणयंत्रं घडवायची. मग एकटीनं हा उद्योग काढला. त्याच्या कानाचा ठसा तिनंच घेतला होता. बोटात पिचकारी घेऊन ती म्हणाली होती, “तुमचे कान फार वळणाचे आहेत हो. दोन्ही वेगळे. सख्खे भाऊ वाटत नाहीत.” दोन्ही वेगळे, म्हणून डावं कवच उजव्या कानात जाईना, उजवं डाव्यात जाईना. हीच तर गोम होती. बाजारातली कुठलीही साधी जोडी असती, मऊ रबरी बोंडांची, तर शंका आल्याबरोबर अदलाबदल केली असती. डावं उजव्या कानात, उजवं डाव्या कानात. दोष सरकला तर यंत्राचा. दोष जागच्या जागी राहिला तर.

ते ‘तर’ त्यानं कधी पुरं केलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी उठला तेव्हा डावा कान दडे बसल्यासारखा होता. त्याला वाटलं, कुशीवर झोपलो. दुपारी पार्सल आलं, त्यानं ती जोडी लावली, आणि पहिल्याच मिनिटाला गाणं उजवीकडे कलंडलं. गाणारीण मध्यावर उभी राहीना. तिचं तोंड उजवीकडे, पोट डावीकडे. त्यानं वायरीची टोकं उलटसुलट केली : लाल ठिपका निळ्याच्या जागी. मंदपणा डावीकडेच राहिला. म्हणजे वायर ठीक, डावं कवच खराब. एवढं स्वच्छ, एवढं सरळ गणित, की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. आणि मग धीर धरायचा नियम होताच. नवी जोडी दोनशे तास वाजत ठेवायची, म्हणजे आतले पडदे सैल होतात आणि आवाज मोकळा होतो, असं या छंदातली माणसं मानतात. बर्न-इन म्हणतात त्याला. तो ते अर्धवट मानायचा, पण पाळायचा पुरेपूर. मखमलीच्या डबीत ती जोडी दिवसरात्र वाजत राहिली, टेबलाच्या खणात, जिवंत किडा ठेवल्यासारखी. रोज सकाळी तो खण उघडायचा, ऐकायचा आणि लिहायचा. ‘तास एकाहत्तर. डावीकडे किंचित हवा आली?’ ‘तास शहाण्णव. नाही.’ कान भरल्यासारखा वाटायचा तो कवच घट्ट आहे म्हणून. तोल गेल्यासारखं व्हायचं ते न जेवता ऐकत बसल्यामुळे. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि ती सगळी कारणं त्याच्या धंद्याची होती, चांगली, वापरून गुळगुळीत झालेली.

बायको पाणीपुरवठ्याच्या तक्रारी फोनवर ऐकण्याचं काम करते. एकाच कानावर बसणारा, स्पंज फाटलेला हेडफोन, आठ तास. ती एकदा भाजी चिरताना म्हणाली, “तू हल्ली मला उत्तरच देत नाहीस.”

“देतो की.”

“टेबलाच्या या बाजूला बसले की देत नाहीस. त्या बाजूला बसले की देतोस.”

“मग त्या बाजूला बस,” तो म्हणाला. ती हसली. तोही हसला. तिचं बोलणं त्यानं कानामागे टाकलं, आणि कोणत्या कानामागे हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

टूं. हे खरं होतं. खोल, विहिरीच्या तळातून आल्यासारखं. दाबलं. मग पुन्हा ती लांब पोकळी.

पाचव्या दिवशीची गोष्ट त्यानं कुणालाच सांगितलेली नव्हती. बायको कामावर गेली होती. त्यानं खालचा खण उघडला आणि जुनी जोडी बाहेर काढली, रबरी बोंडांची, साधी, कुठल्याही कानात जाणारी. अकरा वर्षांची ओळख. तिचा डावा-उजवा आवाज त्याला आईच्या दोन हातांसारखा पाठ होता. ती लावायची, ऐकायचं. मग अदलाबदल करायची, ऐकायचं. दहा सेकंदांचं काम. त्यानं तळहातावर दोन्ही टोकं धरली. एक बोंड थोडं पिवळं पडलं होतं. खिडकीतून ऊन आलं होतं आणि समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. झटकण्याचा फटका उजवीकडून येत होता, खिडकी डावीकडे होती. मग त्याला आठवलं की एका जोडीचं परीक्षण चालू असताना मध्येच दुसरी ऐकू नये, कान बाटतात. हा त्याचाच नियम, सदरात छापलेला. त्यानं वायर नीट गुंडाळली, बोंडं पुसली आणि खण बंद केला. खण बंद करताना त्याला बरं वाटलं होतं. एवढं बरं वाटण्यासारखं त्यात काय होतं हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

दहाव्या दिवशी त्यानं जोडी परत पाठवली. बाराव्या दिवशी कारागीर बाईचा फोन आला. “अहो, मी मोजून पाहिलं. चारदा. डावं-उजवं केसाचाही फरक नाही.”

“मोजमापात नसेल. ऐकण्यात आहे.”

“ऐकलंही मी. माझ्या नवऱ्यानंही ऐकलं.” ती म्हणाली. “राग मानू नका, पण तुम्ही एकदा कान दाखवून घ्या. मी वीस वर्षं याच कामात काढलीत.”

“माझे कान?” तो म्हणाला. त्याला खरंच हसू आलं होतं. “बाई, माझ्या कानांवर तुमच्यासारख्या पन्नास जणांचं दुकान चालतं.”

“म्हणून तर म्हणते.”

“तुमचा माल खराब निघाला की गिऱ्हाइकाचा कान खराब, असं का?”

मग ती म्हणाली, “बरं. दुरुस्त करून पाठवते.” त्याच संध्याकाळी त्यानं सदर लिहिलं. एका बैठकीत, खोडाखोड न करता; अनेक वर्षांत इतकं धारदार उतरलं नव्हतं. ‘उजवीकडे उजाडलंय, डावीकडे अजून पडदे ओढलेले आहेत. करणारीला ते दिसत नाही, कारण ती पट्टीनं मोजते.’ हे वाक्य लोकांनी उचलून धरलं. जिकडेतिकडे फिरलं. वाजवणाऱ्या दोघा-तिघांनी तिच्याकडची मागणी रद्द केल्याचंही त्याच्या कानावर आलं, उजव्या, आणि त्याला वाईट वाटलं, पण ते चांगलं काम केल्यावर वाटतं त्या जातीचं वाईट होतं.

दोन दिवसांनी भाजी घेऊन येताना घंटी वाजली. सायकलची, ट्रिंग ट्रिंग, जवळून. त्याला ती उजवीकडून आली म्हणून तो डावीकडे सरकला, थेट चाकावर. कोपर खरचटलं, टोमॅटो रस्ताभर. सायकलवाली ओरडून गेली. तो टोमॅटो गोळा करत बसला. एकेक उचलून पुसत होता आणि त्याच्या मनात सारखं येत होतं, घंटीच चुकीची लावलीय त्या बाईनं, घंटीच.

सतराव्या दिवशी जोडी परत आली. लावली, आणि गाणारीण मध्यावर येऊन उभी राहिली. नाक, ओठ, श्वास, सगळं जागच्या जागी. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस आपण घाबरलो होतो हे त्याला त्या क्षणी कळलं, भीती गेल्यावर. त्यानं ताबडतोब बाईला लिहिलं, ‘आता डावं-उजवं एक झालं. हे आधीच करायला हवं होतं.’ तिचा फोन लगेच आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

“तुम्हाला ते बरोबर वाटलं?” तिनं विचारलं.

“अगदी.”

“पुन्हा एकदा ऐकून सांगता का?”

“काल चार तास ऐकलं. आता कुठे बोट ठेवायला जागा नाही.”

“हं.” तिनं श्वास घेतलेला त्याला ऐकू आला. “हे बघा. डावीकडचा वरच्या पट्टीचा ड्रायव्हर मी काढून चढा लावलाय. पुढचा मऊ पडदाही काढलाय. बऱ्या कानाचा माणूस दोन मिनिटांत उपटून फेकून देईल, इतकं ते डावीकडे किंचाळतंय. पूर्वी यंत्र बसवायला माणसं यायची, त्यांना मी असंच तपासायची. जो म्हणाला ‘आता बरोबर’, त्याला किती कमी येतं ते मला कळायचं.”

त्यानं समोरची मखमलीची डबी मिटली.

“सदर काढा असं मी म्हणत नाहीये. ते नंतर. आज डॉक्टरकडे जा. आजच. घरात कोण आहे? त्यांना फोन द्या.”

त्यानं बायकोला फोन दिला. आयुष्यात त्याची अशी कानउघाडणी कुणी केली नव्हती, आणि आवाज तर तिनं एकदाही चढवला नव्हता. बायको नुसतं “हो”, “हो”, “कधीपासून ते विचारते” म्हणत होती, आणि म्हणताना त्याच्याकडे बघत होती. अगदी नीट, पहिल्यांदाच दिसल्यासारखं. त्या दिवशी डॉक्टरांची वेळ मिळाली नाही. आज मिळाली.

दार उघडलं. “झालं,” तपासनीस बाई म्हणाली. त्यानं हेडफोन काढून दिले. ती म्हणाली, “दुसऱ्यांदा छान केलंत.” तो शाळेतल्यासारखा खूश झाला, आणि त्या खुशीची त्याला शिसारी आली.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर कागद होता. आडवे आकडे, उभे आकडे. असे आलेख तो अठरा वर्षं वाचत आलाय. दर जोडीबरोबर एक येतो. बाई समजावून सांगायला लागल्या तोवर त्यानं वाचून संपवला होता. लाल गोळे वरच्या अंगाला ओळीनं, वयाच्या मानानं उत्तम. निळ्या फुल्या हजार हर्ट्झपर्यंत त्यांच्या बरोबरीनं आलेल्या, दोन हजाराला पाय घसरलेला, आणि पुढे कडाच. त्याला बाईंपेक्षा जास्त कळत होतं. त्या कड्यावरून काय काय खाली गेलं याची त्याच्याकडे यादी होती. झांजेची किनार. तारेवरून बोट सरकल्याची खसखस. ‘स’ आणि ‘श’. गाणं सुरू होण्याआधी गाणारीनं घेतलेला श्वास. खोलीला भिंती आहेत हे कळतं ती हवा. एखाद्या जोडीचा असा आलेख आला असता तर त्यानं ती लावूनही बघितली नसती.

“कधीपासून होतंय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“दहा-बारा दिवस झाले असतील.”

“एकोणीस,” बायको म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “एकदम गेला होता का? सकाळी उठलात आणि?”

“हो.”

“आतल्या नसेचं आहे हे. असं एकदम होतं, कारण बहुतेकदा सापडत नाही. पहिल्या दोन-चार दिवसांत आला असतात तर नुसत्या गोळ्यांनी परत यायची बरीच शक्यता असते. काहींचं तर आपोआप येतं. पण जितके दिवस जातात तितकं…” त्यांनी हाताचा पंजा आडवा धरून खाली नेला. “गोळ्या देते. पडद्यातून सुईनं औषधही सोडू. प्रयत्न पुरा करू. शब्द मात्र देत नाही.”

“किती येईल परत?”

“येईल तेवढं. वरचं येणं अवघड दिसतंय.” मग त्या थोडं पुढे झुकल्या. “शिकलेसवरलेले दिसता. इतके दिवस थांबलात कशाला?”

त्याच्याकडे उत्तरं पुष्कळ होती. दोनशे तास, पडदे सैल होणं, कान बाटणं. तोंड उघडल्यावर ती सगळी एकमेकांना ढकलत दाराशी आली आणि एकही बाहेर पडेना. “बिघाड दुसरीकडे आहे असं वाटलं,” तो म्हणाला.

“दुसरीकडे म्हणजे?”

“दुसऱ्यांकडे,” बायको म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तक्रार नोंदवून घेताना ती बोलते तसं ती बोलली.

बाहेर बाकावर बसून त्यानं फोन काढला. बायको औषधं आणायला खिडकीशी रांगेत होती. सदराच्या जागी त्यानं लिहिलं : ‘मागच्या परीक्षणात जिचा डावा भाग मी सदोष म्हटला ती जोडी निर्दोष होती. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. यापुढे सदर बंद.’ त्यानं ते वाचून पाहिलं. त्यात ऊब नव्हती, हवा नव्हती, एकही उसना शब्द नव्हता. पाठवलं. लगेच फोन थरथरायला लागला, एक, दोन, मग मोजता येईनात इतके. त्यानं तो उलटा करून मांडीवर ठेवला. बायको पिशवी घेऊन आली, त्याच्या डावीकडे बसली, मग उठली, समोरून वळसा घालून उजवीकडे येऊन बसली. “दिवसातून तीनदा,” ती म्हणाली. “जेवणानंतर. ऐकलंस ना?”

“ऐकलं,” तो म्हणाला.

कान गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तो दवाखान्याच्या याच इमारतीत आला होता; तळमजल्यावरच्या दुकानातून त्यानं वायर पुसायचं द्रावण घेतलं आणि तो घरी गेला.